नवऱ्याच्या नावावर ३५७, बायकोच्या नावावर ४५९: नागपूरच्या एका कॅनडा पीआर फाइलचा अभ्यास

मार्च २०२५. मनीषनगरमधले एक जोडपे. नवरा ३४ वर्षांचा, नागपूर विद्यापीठाचा बीई इलेक्ट्रिकल; आधी हिंगणा एमआयडीसीत, मग बुटीबोरीत, मिळून दहा वर्षांहून जास्त नोकरी. बायको ३१ वर्षांची, रसायनशास्त्रात एमएस्सी आणि बीएड, शहरातल्या एका खासगी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुलगी तीन वर्षांची. प्रश्न एकच होता: कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआर (कायम वास्तव्य) देण्यासाठीच्या गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीत, आपण बसतो का, आणि बसलो तर बोलावणे येण्याइतके गुण होतात का?

अशा अनेक फाइलींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणून हे प्रकरण मांडले आहे. नियम, गुण आणि बोलावण्याच्या फेऱ्यांचे आकडे मात्र खरे, २०२५ सालचे आहेत.

घरात बैठक झाली तेव्हा निम्म्या गोष्टी गृहीत धरलेल्याच होत्या. सासरेबुवा म्हणाले, "अर्ज पोराच्या नावानं टाका, सूनबाई नावापुरत्या सोबत राहतील." धरमपेठेतल्या एका एजंटचेही तेच मत. पगार त्याचा मोठा, अनुभव त्याचा जास्त, डिग्री इंजिनिअरिंगची. मुख्य अर्जदार तोच. ही समजूत किती महागात पडली असती, ते पुढच्या हिशेबात दिसते.

दोन वेगळ्या मोजपट्ट्या

या विषयात सर्वात जास्त घोळ ६७ या आकड्यावरून होतो. फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे एफएसडब्ल्यू या योजनेत शिरायला १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, नोकरीची ऑफर १० आणि जुळवून घेण्याची क्षमता १० अशी त्याची वाटणी आहे. ही झाली पात्रता. ६७ झाले म्हणजे व्हिसा झाला असे नव्हे. ६७ झाले म्हणजे तुम्ही उमेदवारांच्या पूलमध्ये उभे राहिलात. पूलमधून कोणाला बोलवायचे ते सीआरएस नावाच्या दुसऱ्या गुणांकनावर ठरते. त्याची कमाल १,२०० आहे, आणि त्यातले ६०० तर केवळ एखाद्या प्रांताने नामांकन दिले तरच मिळतात.

या जोडप्याचा पहिला हिशेब १०० पैकीचा. नवरा मुख्य अर्जदार धरला तर वयाचे १२, बॅचलर डिग्रीचे २१, इंग्रजीचे २२, सहा वर्षांहून जास्त अनुभवाचे १५, आणि जोडीदाराला जुजबी इंग्रजी येते याचे ५. एकूण ७५. बायको मुख्य धरली तर वयाचे १२, मास्टर्सचे २३, इंग्रजीचे २४, दोन ते तीन वर्षांच्या अनुभवाचे ११, आणि जोडीदाराचे ५. एकूण तेही ७५.

दोघेही ७५. इथेच बहुतेक घरांत चर्चा संपते आणि फाइल पुरुषाच्या नावाने सुरू होते. खरा फरक दुसऱ्या मोजपट्टीवर होता.

दोघांनीही आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग ही इंग्रजीची परीक्षा दिलेली होती. नवऱ्याचे बँड असे: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. कॅनडाच्या भाषापातळीत, म्हणजे सीएलबीमध्ये, हे अनुक्रमे ८, ९, ८, ९ होतात. बायकोचे लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ७, स्पीकिंग ७.५, म्हणजे सीएलबी ९, ९, ९, १०.

नवरा मुख्य, बायको सोबत असा सीआरएस: वय ३४ चे ७५, डिग्रीचे ११२, भाषेचे २२ अधिक २९ अधिक २२ अधिक २९, म्हणजे १०२. बायकोच्या मास्टर्सचे १०, तिच्या इंग्रजीचे २०. त्यानंतर येतात स्किल ट्रान्सफरेबिलिटीचे, म्हणजे दोन गोष्टींच्या जोडीवर मिळणारे गुण: डिग्री आणि भाषा मिळून १३, परदेशी अनुभव आणि भाषा मिळून २५. बेरीज ३५७.

बायको मुख्य, नवरा सोबत: वय ३१ चे ९०, मास्टर्सचे १२६, भाषेचे २९ तीनदा आणि ३२ एकदा, म्हणजे ११९. नवऱ्याच्या डिग्रीचे ८, त्याच्या इंग्रजीचे १६. जोडगुणांत मास्टर्स आणि सीएलबी ९ मिळून ५०, तीन वर्षांचा अनुभव आणि सीएलबी ९ मिळून ५०. बेरीज ४५९.

माणसे तीच, कागद तेच, फरक १०२ गुणांचा. त्यातले ६२ गुण एकट्या जोडगुणांच्या रकान्यातून आले. तिथे सीएलबी ९ हा उंबरठा आहे आणि तो चारही भागांत ओलांडावा लागतो. एक जरी भाग आठवर अडकला तरी दोन्ही जोड्यांचे गुण निम्मे होतात. नवऱ्याला लिसनिंगमध्ये अर्धा आणि रायटिंगमध्ये अर्धा बँड वाढवता आला असता, तर त्याच्या नावावरचे ३५७ थेट ४०८ झाले असते. नोकरीतल्या दहा वर्षांनी जे दिले नाही, ते एका बँडने दिले असते. आणि तरीही ते ४५९ च्या मागेच राहिले असते, शिवाय नोव्हेंबरमध्ये त्याला पस्तीस पूर्ण होताच वयाचे पाच गुण गळणार होते.

'नवऱ्याला नॉन-अकम्पनीइंग (सोबत न येणारा) दाखवा, एकटीचे गुण जास्त येतात' हा सल्लाही कुणीतरी दिलाच. तोही मोजून पाहिला. एकटीचे वय ९९, मास्टर्स १३५, भाषा १२७, जोडगुण १००, एकूण ४६१. म्हणजे दोन गुणांसाठी नवरा मागे ठेवायचा, नंतर वेगळा स्पॉन्सरशिप अर्ज करायचा, त्याची फी आणि वाट पाहणे वेगळे. ज्याच्या जोडीदाराला इंग्रजी येत नाही आणि शिक्षणही कमी आहे, त्याला हा मार्ग कधी कधी खरोखर फायद्याचा असतो. इथे तो मुळीच नव्हता.

शाळेची तीन वर्षे: ३६ महिने की ३४?

४५९ हा आकडा एका गृहीतकावर उभा होता: बायकोचा अनुभव पूर्ण तीन वर्षे आहे. एजंटने तर तो पाच वर्षे लिहिला होता. या फाइलमधले सगळ्यात नाजूक काम हेच होते, म्हणून थोडे सविस्तर.

तिच्या नोकरीचा खरा आलेख असा. २०१८ ते २०२० ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. मग मुलगी झाली. जून २०२२ मध्ये सध्याच्या शाळेत लागली, पण ११ महिन्यांच्या करारावर: जून ते एप्रिल. मे २०२३ मध्ये करार संपलेला, पगार नाही. जून २०२३ मध्ये नवा करार, पुन्हा एप्रिलपर्यंत. मे २०२४ पुन्हा कोरा. जून २०२४ पासून कायम नेमणुकीचे पत्र मिळाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगारही सुरू झाला.

आता कॅनडाचा नियम. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास, वर्षाला १,५६० तास, आणि काम पगारी हवे. त्याहून महत्त्वाची अट अशी की एफएसडब्ल्यूच्या पात्रतेसाठी गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्षाचा *सलग* अनुभव लागतो. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार मिळून बावीस महिने होतात, सलग एक वर्ष होत नाही. तिचे पहिले सलग वर्ष ३१ मे २०२५ ला पूर्ण होणार होते. मार्चमध्येच तिच्या नावाने प्रोफाइल टाकले असते, तर १०० पैकी ७५ असूनही ती मुळात पात्रच ठरली नसती. बोलावणे आले असते तरी फाइल नंतर नाकारली गेली असती आणि सगळी मेहनत वाया गेली असती.

नागपुरातल्याच काय, विदर्भातल्या खासगी शाळांत ११ महिन्यांचा करार ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की शिक्षिकेला स्वतःलाही तो खंड वाटत नाही. 'मी २०२२ पासून तिथेच आहे' असे ती मनापासून सांगते. फाइल पाहणाऱ्याने नेमणुकीची सगळी पत्रे एकाखाली एक ठेवून तारखा जुळवल्याशिवाय हा खंड सापडत नाही. बँकेचे पासबुक लावले की लगेच दिसतो: दोन्ही वर्षी मेच्या पगाराची ओळ नाही.

मग सीआरएससाठी एकूण महिने. ३१ मे २०२५ पर्यंत ११ अधिक ११ अधिक १२, म्हणजे ३४. तीन वर्षांना दोन महिने कमी. तीन वर्षे भरत नाहीत तोवर अनुभव आणि भाषेच्या जोडीचे ५० ऐवजी २५ च मिळतात. म्हणजे जूनमध्ये खरा स्कोअर ४३४, आणि ३१ जुलैनंतर ४५९.

तासिकांचे काय? तिला आठवड्याला साधारण ९ तासिका होत्या. शिकवण्याचे आठवडे वर्षाला ३० धरले तर दोन वर्षांचे ५४० तास होतात. पूर्णवेळाच्या मापात जेमतेम चार महिने. कागदावर हे चार महिने ३४ मध्ये मिळवले की तीन वर्षे पार होतात, आणि मोह तिथेच आहे. पण तासिकांची बिले अर्धीच मिळत होती, महाविद्यालयाचे प्रमाणपत्र नुसते 'या काळात अध्यापन केले' एवढेच सांगत होते, तासांचा उल्लेख नव्हता. ज्या चार महिन्यांचा पुरावा ढिला आहे त्यांच्यावर २५ गुण टांगायचे नाहीत, असे ठरले. ते काम इतिहासात जसे होते तसे, आठवड्याला ९ तास म्हणून नोंदवले. गुण मात्र शाळेच्या महिन्यांवरच मोजले. दोन महिने थांबणे परवडत होते.

एजंटचा तोडगा वेगळा होता: तासिका पूर्णवेळ दाखवायच्या, 'तिकडे कोण विचारतं?' विचारतात. अधिकारी संस्थेला फोन किंवा ईमेल करू शकतो. खोटी माहिती सापडली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षे प्रवेशबंदी येते, आणि ती अर्ज भरून देणाऱ्यावर नव्हे, सही करणाऱ्यावर येते. याच एजंटने एका कंपनीचे ऑफर लेटर 'अरेंज' करण्याचे लाखो रुपयेही सांगितले होते. वास्तविक २५ मार्च २०२५ पासून सीआरएसमधले नोकरीच्या ऑफरचे ५० आणि २०० गुण रद्दच झाले आहेत. जे गुण अस्तित्वात नाहीत ते विकणे सुरू होते. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचे नाव कॅनडाच्या सीआयसीसी या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत आहे की नाही, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. या एजंटचे नव्हते.

कोणत्या फेरीची वाट पाहायची

स्कोअर काढून नुसते उपयोगाचे नाही. तो कोणत्या फेरीसमोर ठेवायचा ते ठरवावे लागते. तोवरची शेवटची सर्वसाधारण फेरी २३ एप्रिल २०२४ ला झाली, कटऑफ ५२९. २०२५ च्या उन्हाळ्यातल्या कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासच्या फेऱ्या ५१५ च्या वर होत्या, आणि त्या तिथे आधी काम केलेल्यांसाठी असतात. नागपुरात बसून ४६० घेऊन या दोन्हींकडे पाहण्यात अर्थ नव्हता.

२०२३ पासून मात्र व्यवसायाच्या प्रवर्गानुसार फेऱ्या होतात. नवऱ्याचा व्यवसाय, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) प्रवर्गाच्या २०२५ च्या यादीत होता. पण स्टेमची तोवरची शेवटची फेरी एप्रिल २०२४ मधली, कटऑफ ४९१, आणि २०२५ मध्ये एकही नाही. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षण हा नवा प्रवर्ग आला. माध्यमिक शिक्षक, व्यवसाय कोड ४१२२०, त्यात होता. पहिली शिक्षण फेरी १ मे २०२५ ला झाली: १,००० जणांना बोलावणे, कटऑफ ४७९. म्हणजे घरात ज्या नोकरीला सगळे दुय्यम समजत होते, तिच्यासाठीच दार उघडले होते.

४७९ आणि ४५९ मध्ये २० गुणांचे अंतर. ते भरायचे मार्ग तपासले. भावंड कॅनडात असेल तर १५, कोणी नव्हते. प्रांताचे नामांकन ६०० देते, पण प्रत्येक प्रांताची यादी वेगळी आणि बहुतेकांचा कल तिथे आधीच काम करणाऱ्यांकडे. फ्रेंच हा खरा मोठा मार्ग: चारही भागांत पातळी ७ गाठली तर अधिकचे ५० आणि दुसऱ्या भाषेचे १२, मिळून ६२ गुण. शिवाय फ्रेंचच्या स्वतंत्र फेऱ्या. २१ मार्च २०२५ ची तर ३७९ वर गेली होती. नोकरी आणि लहान मूल सांभाळून शून्यापासून त्या पातळीला यायला मेहनती माणसालाही वर्षभर तरी धरावे. बायकोने जूनमध्ये ऑनलाइन वर्ग लावला, दुसरी वाट म्हणून.

जवळचा उपाय नवऱ्याकडे होता. जोडीदार म्हणून त्याच्या इंग्रजीचे प्रत्येक भागाला सीएलबी ७-८ ला ३ आणि ९ ला ५ गुण मिळतात. लिसनिंग आणि रायटिंग दोन्ही वर गेले तर ४ गुण वाढणार. चार गुणांसाठी पुन्हा परीक्षा द्यायची का, यावर घरात बरीच चर्चा झाली. द्यायची, असे ठरले, आणि ते योग्यच होते: कटऑफ आधी कोणालाच कळत नाही, आणि या टप्प्यावर एकेका गुणावर हजारो उमेदवार दाटलेले असतात.

त्याच्या लिसनिंगचा साडेसात बँड म्हणजे ४० पैकी ३२ ते ३४ उत्तरे बरोबर. आठला ३५ लागतात. सरावाच्या पेपरांत त्याची चुकलेली उत्तरे वेगळी काढली, तर बहुतेक चुका ऐकण्याच्या नव्हत्याच. अनेकवचनाचा 'एस' राहिला होता, स्पेलिंग चुकले होते, किंवा 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असे असताना तीन लिहिले होते. रायटिंगमध्ये त्याचा वेळ पत्रावर जात होता. दुसऱ्या टास्कचे, म्हणजे निबंधाचे वजन पत्राच्या दुप्पट असते. तरी तो पत्राला अर्धा तास देत होता आणि २५० शब्दांचा निबंध घाईत संपवत होता. आता पत्र २० मिनिटांत थांबवायचे, निबंधाला पूर्ण ४०, आणि शेवटची चार मिनिटे फक्त आर्टिकल आणि क्रियापदे तपासायला. जुलैच्या परीक्षेत लिसनिंग ८, रायटिंग ७ आले.

नवा टीआरएफ क्रमांक, म्हणजे आयईएलटीएसच्या निकालपत्राचा क्रमांक, प्रोफाइलमध्ये आपल्या हाताने भरावा लागतो, तो आपोआप येत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रोफाइल उघडून नोकरीचे महिने आणि भाषेचे गुण दोन्ही तपासले. ४६३. १७ सप्टेंबर २०२५ ला शिक्षण प्रवर्गाची फेरी झाली: २,५०० बोलावणी, कटऑफ ४६२.

विद्यापीठ, नाव आणि ईसीए

हे काम खरे तर मार्चमध्येच सुरू झाले होते. डिग्रीचे कॅनडातल्या डिग्रीशी समकक्षत्व दाखवणारा अहवाल, ईसीए, मुख्य अर्जदारालाच नव्हे, जोडीदाराच्या शिक्षणाचे गुण हवे असतील तर त्यालाही लागतो. दोघांचे अर्ज डब्ल्यूईएस या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे केले. गुणपत्रिका विद्यापीठाने साक्षांकित करून, बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून थेट पाठवायच्या असतात. ते पाकीट अर्जदाराने उघडले की संपले.

बायकोच्या बाबतीत नावाची अडचण आली, आणि महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक विवाहितेची ती असते. बीएस्सी आणि एमएस्सीच्या गुणपत्रिकांवर माहेरचे आडनाव आणि मधे वडिलांचे नाव. पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मधे नवऱ्याचे. आयईएलटीएस पासपोर्टच्या नावाने. सगळे कागद एकाच नावाला बांधणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. लग्न लावणाऱ्या संस्थेची पावती किंवा लग्नपत्रिका चालत नाही. महानगरपालिकेची नोंदणी राहिली होती, ती आधी करून घ्यावी लागली. डब्ल्यूईएसच्या खात्यात जुने नाव सुरुवातीलाच नोंदवले, म्हणून पुढे पत्रव्यवहार वाढला नाही.

बीएडचे समकक्षत्व या टप्प्यावर काढले नाही. मास्टर्सचे १२६ मिळत असताना 'दोन किंवा जास्त पदव्या' हा ११९ चा रकाना खालचा आहे. बीएड जोडून एक गुणही वाढत नव्हता.

साठ दिवस

बोलावणे आल्यापासून ६० दिवसांत पूर्ण अर्ज सादर करावा लागतो. २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाच्या आधीच करून घ्यावी लागते, आणि ती आयआरसीसी या कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडेच; घराजवळचा एमडी कितीही नामांकित असला तरी त्याचा दाखला चालत नाही. अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात घेतली.

शाळेच्या पत्रावर तीन मसुदे झाले. लेटरहेड, सही करणाऱ्याचे नाव-पद-फोन, नेमणुकीच्या तारखा (दोन्ही खंडांसह), आठवड्याचे तास, पगार, आणि कामाचे स्वरूप. मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा नेहमीचे 'वर्तणूक उत्तम, भावी आयुष्यास शुभेच्छा' छापाचे प्रमाणपत्र दिले होते. दुसऱ्यात कामाचे वर्णन कॅनडाच्या व्यवसाय-यादीतून शब्दशः उचलले होते. तेही नको, कारण अधिकाऱ्याला ते वर्णन पाठ असते. तिसऱ्यात ती खरोखर काय करते ते आले: नववी-दहावीचे विज्ञान, प्रयोगशाळेची जबाबदारी, चाचण्या काढणे-तपासणे, पालकसभा, आठवड्याला ३६ तास, मेच्या सुट्टीत नोकरी चालू आणि पगारी. पहिल्या करारातला काही पगार रोखीने मिळाला होता. त्यासाठी व्हाउचरच्या प्रती आणि नेमणूकपत्र जोडले, उरलेल्या काळाला बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६.

इथे बायको मुख्य अर्जदार असण्याचा एक फायदा कळला, जो हिशेबात दिसत नाही. नवऱ्याची बुटीबोरीतली कंपनी नोकरीत असलेल्याला कामाच्या तपशिलाचे पत्र देत नाही. तो मुख्य असता तर याच पत्रावर फाइल अडली असती. जोडीदाराच्या भारतातल्या अनुभवाला गुणच नाहीत, त्यामुळे त्याच्या नोकऱ्यांच्या तारखा इतिहासात भरल्या की काम झाले. हा इतिहास दहा वर्षांचा आणि सलग हवा. बायकोचे मे २०२३ आणि मे २०२४ 'बेरोजगार' म्हणून स्वतंत्र ओळींत लिहिले. शाळेच्या पत्राशी ते जुळले पाहिजेत.

पैशांचा पुरावा. तिघांच्या कुटुंबाला जुलै २०२५ पासून २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत होते. डॉलरला ६३-६४ रुपये धरून सुमारे १४.८ लाख. घरच्यांच्या हिशेबात बेसा रोडवरचा प्लॉट, बायकोचे सोने आणि नवऱ्याचा नऊ लाखांचा पीएफ होता. यातले काहीच धरले जात नाही: प्लॉट विकून पैसे खात्यात आले तरच, पीएफ काढून हातात आला तरच. उरले एफडीचे ६.२ लाख आणि बचत खात्याचे २.४. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी ७ लाख मेमध्येच मुलाच्या खात्यात वर्ग केले. परत करायचे नाहीत असे बक्षीसपत्र, त्यांच्या निवृत्तीच्या रकमेचे पासबुक आणि दोन्ही खात्यांतली नोंद, असा पूर्ण माग जोडला. मेमध्ये देण्याला कारण आहे: बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते, आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम आलेला मोठा आकडा प्रश्न उभे करतो. बँकेने आधी साधे 'बॅलन्स सर्टिफिकेट' दिले. खाते उघडल्याची तारीख, सरासरी आणि कर्जे लिहिलेले पत्र शाखा व्यवस्थापकाला नमुना देऊन दुसऱ्यांदा मागावे लागले. मराठीतल्या कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडले.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. नवऱ्याच्या पासपोर्टवर वर्ध्याचा जुना पत्ता होता, म्हणून पडताळणी रेंगाळली आणि साठातले बरेच दिवस खाल्ले. ज्याचा पत्ता बदललेला आहे त्याने पूलमध्ये शिरण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा.

फी तेव्हा अशी होती: मोठ्या दोघांची प्रत्येकी ९५० अधिक पीआर हक्काची ५७५, मुलीची २६०, बायोमेट्रिक्सची दोघांची १७०. एकूण ३,४८० डॉलर. अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुदतीच्या आत सादर झाला.

पुढचे एक काम नागपुरात असतानाच उरकायचे आहे. पीआर मिळाले म्हणून कॅनडातल्या सरकारी शाळेत शिकवता येत नाही. प्रत्येक प्रांताचा परवाना वेगळा, ऑन्टारियोत तो ऑन्टारियो कॉलेज ऑफ टीचर्स देते. तिथे बीएडच मध्यवर्ती ठरते. तिने बीएडचे पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून उचललेलेच नव्हते, हातात नुसती गुणपत्रिका होती. त्याचा अर्ज, आणि बीएडच्या ट्रान्सक्रिप्टचाही अर्ज, डिसेंबरच्या आत विद्यापीठात द्यायचा आहे. प्रात्यक्षिक अध्यापन किती दिवस आणि कोणत्या इयत्तांना केले, ते लिहिलेले पत्र बीएड कॉलेजकडून त्याच फेरीत घ्यायचे.